भरून वाहणारी प्रीती

देवाची प्रीती अपार आहे ही गोष्ट आपण दर प्रभुवारी ऐकतो, गातो आणि तिला 'आमेन' म्हणतो. तथापि उपासनेहून घरी परतून कणगीत हात घातला, की त्याच प्रीतीचे माप आपल्या हाती आकसून जाते. कोणास द्यावे, किती द्यावे, दिलेले व्यर्थ तर जाणार नाही ना, असे प्रश्न मनात उभे राहतात. गरिबाच्या घरी असे प्रश्न उठणारच. त्यात पाप नाही. म्हणून त्यांचा नीट विचार करणे अगत्याचे आहे.

पहिला प्रश्न हा, की प्रीतीने पात्रता पाहावी काय? प्रभूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला आपल्या रोवणीच्या दिवसांत ठेवून पाहा. सकाळपासून चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाईला जी मजुरी, तीच दिवस मावळताना बांधीत उतरलेल्या बाईला मिळाली, तर धुऱ्यावर केवढी कुरकुर होईल! परंतु धन्याने पहिलीचा एक पैसाही कापला नाही. ठरले होते ते तिला पुरते मिळाले. न्याय पुरा केल्यावर मग त्याने दुसरीच्या घरची चूल पाहिली; कारण भूक तास मोजीत नाही. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. औदार्य न्यायानंतर येते, न्यायाच्या ऐवजी येत नाही. मजुराची मजुरी अडवून सणाला त्याच्या मुलास अंगरखा देणारा मनुष्य उदार नव्हे. तो त्याचा देणेकरीच आहे.

दुसरा प्रश्न असा, की आपणापाशी देण्याजोगे आहे तरी काय? याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातील तलाव देतील. गोंड राजांच्या काळी कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांपैकी पुष्कळ तलाव, १९५१ साली मालगुजारी संपली तरी, आजही धानाला पाणी देतात. तलाव आपले पाणी स्वतः निर्माण करीत नाही. ते वरून येते. त्याचे काम एवढेच, की आलेले पाणी धरावे आणि खालच्या बांध्यांस द्यावे. पाळ फुटली तर सारे पाणी एका रात्रीत वाहून जाते आणि कोणाच्याच कामी येत नाही. उलट, पाणी सोडण्याचे तोंड बुजले तर तलाव भरलेला दिसतो आणि खाली धान करपते. गाळ साचला तर बाहेरून तलाव तेवढाच दिसतो, पण त्यात पाणी कमी मावते.

आपलेही असेच आहे. प्रार्थना, काटकसर आणि घरचा चोख हिशेब ही आपली पाळ होय. उघडा हात हे पाण्याचे तोंड होय. मनात जपून ठेवलेले जुने रुसवे हा गाळ होय. तो काढल्यावाचून देवाची कितीही कृपा झाली तरी आपल्यात ती फारशी मावणार नाही. ज्याच्या कणगीत काही नाही, त्यालाही क्षमा करता येते, आजाऱ्यापाशी रात्र काढता येते, निराधार म्हातारीचे पाणी भरता येते. सारफथ येथील विधवेपाशी शेवटचे मूठभर पीठ होते. त्याच पिठातून तिने संदेष्ट्यासाठी आधी भाकर केली.

पाळ आणि उघडे तोंड, दोन्ही एकत्र कशी असतात हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दिसते. १८९६-९७ च्या दुष्काळाने मध्यप्रांत गांजला होता. आपला भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात मोडत असे. रमाबाईंपाशी साधने मर्यादित होती. परंतु तरुणपणी त्यांनी स्वतःचे आईबाप दुष्काळातच गमावले होते. १८९७ साली त्या मध्यप्रांतात आल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांस आपल्या आश्रयास नेले. केडगाव येथे त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. तीच या अनाथांचे घर झाली. तेथे त्यांना नुसता घास मिळाला नाही. शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकून त्यांचे हात स्वावलंबी झाले. पुढे १९०० च्या दुष्काळातही ते दार उघडेच राहिले.

तिसरा प्रश्न उपदेशकबंधूंनी विशेष मनावर घ्यावा. दिल्याच्या मोबदल्यात घेणाऱ्याने उपासनेस यावे, अशी अपेक्षा धरावी काय? आजाऱ्यास औषध आणि उपाशास तांदूळ देऊन पुढल्या प्रभुवारी त्याची जागा रिकामी दिसताच ज्याचे मन कडू होते, त्याने प्रीती केली नाही. त्याने गळाला आमिष लावले. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले. आभार मानावयास एकच परतला. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे प्रभूने दुःखाने विचारले खरे, परंतु त्यांचे आरोग्य काढून घेतले नाही. आपल्या बाप्तिस्म्यानंतर ज्या भाऊबंदांनी आपली पंगत सोडली, त्यांच्या घरी ताप शिरला तर कंदील घेऊन प्रथम कोण जाणार? आणि गेलेल्याने तेथे जुना हिशेब काढू नये, नवा उपदेशही करू नये. डोक्यावर पाण्याची पट्टी ठेवावी आणि उजाडेपर्यंत बसावे. आपल्या जाण्याने आपला विश्वास त्यांना कळेल किंवा कळणारही नाही. ते फळ देवाच्या हाती आहे. आपल्या हाती केवळ जाणे आहे.

म्हणून, प्रियजनहो, या आठवड्यात प्रत्येकाने दोन गोष्टी कराव्या. ज्याची मजुरी, उसने किंवा क्षमा आपल्याकडे थकली असेल, त्याची ती प्रथम चुकती करावी. मग ज्याच्याकडून परत येण्याची मुळीच आशा नाही, अशा एका घरी काही तरी घेऊन जावे, आणि ती गोष्ट मंडळीत कोणास सांगू नये. ज्या पित्याने आपणांस न मोजता दिले, तो आपली पाळ दृढ करो आणि आपले हात उघडे ठेवो. आमेन.