भीड सोड, तक्रार लिही

आधी ऐकून घे, रडणं नंतर. पतसंस्थेत अडकलेल्या ठेवीसाठी इतकी वर्षं त्या चेअरमनच्या ओट्यावर चकरा मारल्यास. दर वेळी तो "दिवाळीनंतर बघू" म्हणाला आणि तू मान डोलावून घरी आलास. का? तर गावातला माणूस, सोयरिकीतला, त्याच्यावर तक्रार कशी करायची! तुझ्या या भिडेवरच तो आजवर मोकळा फिरतो आहे.

नगर जिल्ह्यात राहून तुला हे सांगावं लागतं याचा मला राग येतो. नगर अर्बन बँक 1910 सालची. डिसेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, दहा हजारांवर पैसे काढता येईनात, आणि 4 ऑक्टोबर 2023 ला परवानाच रद्द झाला. तिथल्या ठेवीदाराला ठेव विमा महामंडळाकडून पाच लाखांपर्यंत मिळण्याचा हक्क तरी होता. तू पैसे पतसंस्थेत टाकलेस, तिथे तो विमा नाही. जादा व्याजाचा दर विचारलास, हे एवढं विचारलं नाहीस. आणि लक्षात ठेव, नगर अर्बनचे सभासद-ठेवीदार एकत्र येऊन तक्रारी करत राहिले, म्हणून आर्थिक गुन्हे शाखेचा तपास झाला, अटका झाल्या.

कायदा नाही असं पुन्हा म्हणू नकोस. विश्वासाने सोपवलेला पैसा स्वतःसाठी वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली गुन्हा आहे. साध्या प्रकरणात पाच वर्षांपर्यंत कैद. बँकर, एजंट, लोकसेवक अशा नात्याने पैसा हाती आला असेल तर जन्मठेपेपर्यंत. अपहार 1 जुलै 2024 च्या आधीचा असेल तर जुन्या दंड संहितेचं 406 किंवा 409 लागतं. ही नुसती पुस्तकातली शिक्षा नव्हे. नगरच्याच न्यायालयाने 2024 साली संपदा पतसंस्थेच्या खटल्यात जन्मठेप सुनावली आहे.

पण तुझ्या भावाचं प्रकरण यात कोंबू नकोस. त्याने मित्राला हातउसने दिले, मित्राने बुडवले. तिथे फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता असं दाखवता आलं नाही, तर तो दिवाणी वसुलीचा दावा. त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली तर ती नव्याने मोजतात. तोंडी आश्वासनाने ती एक दिवसही वाढत नाही. आणि तुम्ही दोघं भाऊ तोंडी आश्वासनांवरच बसून राहिलात!

तुझ्या ठेवीसाठी 1999 चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. त्याचं खरं बळ जप्तीत आहे. चेअरमन तुरुंगात गेल्याने तुझ्या पोरीची फी भरली जाणार नाही. त्याची जमीन, गाळे जप्त होऊन विकले गेले तर भरली जाईल. या कायद्याखाली संचालकांच्या मालमत्तेपर्यंत पोचता येतं, ठेवीदारांना बुडवायला दुसऱ्याच्या नावावर केलेलीही सुटत नाही. तू मात्र त्याला विकायला, नावं बदलायला वेळ देत बसलास. उशिराने तुझं सर्वांत मोठं नुकसान केलं ते इथे.

सहकार खात्याचं दारही वाजव. उपनिबंधकाकडे अर्ज देऊन चौकशी माग. सहकार कायद्याच्या कलम 83 ची चौकशी झाली, की कलम 88 खाली नुकसानीची जबाबदारी एकेका संचालकावर बसवता येते. हा रस्ता लांबचा आहे, म्हणून पोलिसांतली तक्रार त्यासाठी थांबवू नकोस.

ठाण्यात तक्रार घेतली नाही तर तोंड पाडून परतायचं नाही. तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठव. तिथेही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज कर. गुन्हा नोंदला की प्रत मोफत मिळते, ती मागून घे.

आता ठेवपावत्या, पासबुक, चेअरमनने पाठवलेले मेसेज सगळं तारखेनुसार लाव. मूळ पावती कुणाच्या हाती देऊ नकोस, 'नूतनीकरण करतो' म्हणाला तरी. तुझ्यासारखे आणखी ठेवीदार गावात आहेत, त्यांना गाठ. अर्ज लिहून उद्या माझ्याकडे आण, मी तपासून देईन.