गोग्रास म्हणजे एक घास

महाराजांच्या तसबिरीपुढे हात जोडले की नजर आधी तीन मुखांवर जाते आणि मग पायांशी उतरते. पायांशी चार श्वान, मागे गाय. गाय म्हणजे पृथ्वी, श्वान म्हणजे चार वेद, हा अर्थ आपल्या लहानपणीच कानावर पडलेला असतो. म्हणून दत्तभक्ताच्या घरात पहिली पोळी गायीला आणि शेवटची कुत्र्याला, हे कोणाला शिकवावं लागत नाही. मीही तेच करत आलो. पण ती पोळी त्यांना मानवते का, हा प्रश्न १९९८ च्या दत्तजयंतीपर्यंत माझ्या मनात आला नव्हता. आला तेव्हा उशीर झाला होता.

कृष्णाकाठच्या आमच्या गावात मार्गशीर्ष पौर्णिमेला जन्मकाळ होतो आणि दुसऱ्या दिवशी महाप्रसाद. त्या वर्षी पंगती उठल्यावर उरलेल्या अन्नाची व्यवस्था माझ्याकडे होती. देवळामागे एका काकांचा गोठा होता. त्यांची तांबू नावाची गाय, नुकतीच व्यालेली. पोळ्या आणि भाताचं एक घमेलं कोणीतरी तिच्यापुढे आधीच ठेवलं होतं. दुसरं मी नेलं. शिवाय गावातल्या बायकाही घरून नैवेद्याची पानं घेऊन येत होत्या. तांबू खात होती आणि आम्ही हात जोडत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वैरणीला तोंड लावलं नाही. रवंथ बंद. डावी कूस गच्च. आंबूस वासाचं पातळ शेण. चालताना पाय लटपटत होते. दुपारी बसली ती उठली नाही. डॉक्टरांनी खाण्याचा सोडा पाजला, सलाईन लावलं. "भात-पोळी किती घातली होती?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "थोडीशीच." मी शेजारी उभा होतो, गप्प राहिलो. पहाटे तांबू गेली. गोठ्यात वासरू हंबरत होतं.

नंतर त्याच डॉक्टरांकडे जाऊन मी सगळं समजून घेतलं. गायीच्या पोटाचे चार कप्पे. त्यातला सर्वांत मोठा म्हणजे कोठीपोट. तिथे असंख्य सूक्ष्म जीव राहतात आणि चारा खरा तेच कुजवून पचवतात. गाय दिवसाचे सहा-आठ तास रवंथ करते. त्यातून शंभर लिटरच्या आसपास लाळ पोटात उतरते आणि ती पोटातलं आम्ल मारते. कडबा चावावा लागतो, म्हणून लाळ सुटते. भात-पोळी मऊ, ती नुसती गिळली जाते. शिजलेलं धान्य कोठीपोटात भराभर आंबतं, आम्ल वाढतं, ते सूक्ष्म जीव मरतात आणि आम्ल रक्तात उतरतं. आपल्याला सात्त्विक वाटणारं अन्न तिच्या पोटात असं विष होतं.

कुत्र्याची गोष्ट निराळी आहे. माणसाच्या सोबतीला राहून कुत्र्याला पिष्ट पचवण्याची ताकद लांडग्यापेक्षा जास्त आली, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासात दिसलं. साधी पोळी त्याला चालते. मात्र नुसत्या पोळीवर त्याचं भागत नाही. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे मात्र त्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि कांदा त्याचं रक्त बिघडवतो. मांजराला तर गोड चवच कळत नाही; त्याचा देह मांसावरच चालतो. घाटावर माशांना टाकलेला पाव त्यांनी खाल्ला नाही तर पाण्यात कुजतो आणि त्यांच्याच श्वासाचा प्राणवायू खातो. पोळी एकच, पण प्रत्येक पोटात तिचं वेगळं काहीतरी होतं.

मग माझ्या हातून पुण्य घडलं की पाप? लोक म्हणतील, भाव महत्त्वाचा. भाव माझाही शुद्धच होता. पण भाव माझ्याजवळ राहिला आणि घमेलं तांबूच्या पोटात गेलं. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काळ आणि पात्र पाहायला सांगितलं आहे. पात्र म्हणजे लायक माणूस, एवढंच आपण समजतो. पात्र म्हणजे भांडंसुद्धा. त्यात काय मावतं, काय टिकतं, काय नासतं, हे ओतणाऱ्यानेच बघायचं असतं.

आपल्या वाडवडिलांनी शब्दही जपून वापरला होता. गोग्रास. ग्रास म्हणजे एक घास, घमेलं नव्हे. एका घासाने गायीचं काही बिघडत नाही. पण चाळीस घरांनी एकेक पान आणलं की प्रत्येकाचं पुण्य वेगळं मोजलं जातं, पोट मात्र एकच असतं. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले. त्यातला भ्रमर प्रत्येक फुलातून थोडंथोडं घेतो, फुलाला दुखवत नाही. गाणगापुरात आजही मागितली जाणारी माधुकरी त्याच रीतीची. घेणाऱ्याला घालून दिलेला हा नियम देणाऱ्यालाही लागू आहे, असं मला आता वाटतं. त्याच चोविसांत मासाही आहे, जिभेच्या लोभाने प्राण गमावणारा. तांबूही जिभेपायीच गेली. पण मासा गळाला लागतो तेव्हा गळ टाकणारा हातही कोणाचा तरी असतोच ना?

काका सगळ्यांना सांगत, "प्रसाद खाऊन गेली, तिचं सोनं झालं." त्यांचं हे समाधान मोडायचं धाडस मला तीन वर्षं झालं नाही. शेवटी एका गुरुवारी आरतीनंतर त्यांना सांगितलं, दुसरं घमेलं माझं होतं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं रे. मी बघत होतो. पण प्रसादाला नको कसं म्हणायचं?"

ते वाक्य मी विसरलेलो नाही. गायीला तर नको म्हणताच येत नाही, आणि तिच्या मालकालाही प्रसाद नाकारता आला नाही. म्हणजे विचार करायचा राहतो तो देणाऱ्यानेच.

आता आमच्या उत्सवात गायीपुढे हिरवी वैरण आणि कडब्याची पेंढी ठेवतो आणि पोळीचा एक तुकडा हाताने भरवतो, सगळ्या गावाचा मिळून एकच. कुत्र्यांना शिरा नाही, साधी पोळी. उरलेलं अन्न पंगत उठायच्या आत गरजू माणसांकडे पोचवतो. दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं, "एकच घास? एवढ्याने काय होणार?" मी त्यांना तांबूची गोष्ट सांगतो. यंदा तुमच्या गावच्या उत्सवातही कोणीतरी हे विचारील. त्याला तुम्ही सांगा.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.