मापांतील पाप

धान्याच्या बाजारांत वडील माणसांचें बोट धरून जे लहानपणीं हिंडले असतील त्यांस मापारी आठवत असेल. पायली तीच, जोंधळा तोच. परंतु भरणाराच्या हातावर सारें अवलंबून असे. दाणे अलगद सोडले तर पायली थोडक्यांत भरे. तीच हलवून, दाबून भरली तर तिच्यांत आणखी ओंजळभर दाणे मावत. 'मापांत पाप' हा आपल्या भाषेंतील शब्दप्रयोग अशाच अनुभवांतून रूढ झाला असावा. त्यांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, या पापाला खोटी पायली लागतेच असें नाहीं. माप सरकारी शिक्क्याचें, मोजणी बिनचूक, साक्षीदार समोर उभा; आणि तरीहि घेणारा फसतो. खोट्या मापाचा गुन्हा कायद्यानें पकडतां येतो. खऱ्या मापानें केलेली फसवणूक पकडावयास मात्र स्वतःच्या मनाखेरीज दुसरा शिपाई नाहीं.

या जुन्या शब्दाची आठवण आम्हांस अलीकडे एका अगदीं नव्या व्यवसायाच्या निमित्तानें झाली. आमचा एक जुना विद्यार्थी पुण्याजवळच्या एका कंपनींत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या दहाबारा तरुणांच्या गटाचा प्रमुख आहे. औषधांच्या दुकानांतील साठ्याचा हिशेब ठेवणारें सॉफ्टवेअर हा गट तयार करतो व सांभाळतो. हल्लीं या व्यवसायांत पुष्कळ ठिकाणीं अशी पद्धति आहे कीं, दर तीन महिन्यांच्या आरंभीं प्रत्येक गटानें आपलीं उद्दिष्टें आंकड्यांत मांडावीं आणि तिमाहीअखेर तीं कितपत साधलीं तें दाखवावें. या गटाला वरिष्ठांनीं घालून दिलेलें एक उद्दिष्ट असें होतें कीं, ग्राहकांच्या न मिटलेल्या तक्रारींची संख्या निम्म्यावर यावी. ती निम्म्याहूनहि खालीं आली. गटाची वाहवा झाली, बक्षिसाची रक्कमहि पदरांत पडली. त्यानंतरच्या एका रविवारीं हा गृहस्थ आमच्याकडे आला तो उतरलेल्या चेहऱ्यानें. चहाचा पेला तसाच खालीं ठेवून म्हणाला, "सर, आम्ही खोटें बोललों का, एवढेंच मला तुम्हांला विचारायचें आहे."

हकीकत थोडक्यांत अशी. तिमाहीचा शेवटचा महिना उजाडला तेव्हां आंकडा फारसा हलला नव्हता. तेव्हां गटानें प्रथम सोप्या तक्रारी हातीं घेतल्या व अवघड तशाच ठेवल्या. सारख्या दिसणाऱ्या चार तक्रारी एकींत मिळविल्या. कांहींवर 'हा दोष नव्हे, ही नवी मागणी' असा शेरा मारला, आणि ज्यांचें कारण सांपडेना त्यांवर 'आमच्याकडे हा दोष दिसून येत नाहीं' असें लिहून त्या बंद केल्या. यांतील प्रत्येक कृति कंपनीच्या नियमांत बसणारी होती. परंतु अशा रीतीनें बंद झालेल्यांत एका लहानशा गांवच्या दुकानदाराची तक्रार होती. मुदत संपलेल्या एका औषधाच्या बाटल्या आपल्या यादींत चालू साठा म्हणून दिसतात, असें त्याचें म्हणणें होतें. तें पुढें अक्षरशः खरें ठरलें. दुकानदार जुन्या वळणाचा, बाटली हातीं घेऊन तारीख वाचल्यावांचून गिऱ्हाइकास देत नसे, म्हणूनच अनर्थ टळला.

आतां प्रश्न असा कीं, हें असत्य झालें काय? आंकडा तर खरा होता. परंतु आंकडा हा नेहमीं कोणत्या तरी प्रश्नाचें उत्तर असतो. कंपनीनें व ग्राहकांनीं मनांत धरलेला प्रश्न होता, 'हें सॉफ्टवेअर पूर्वीपेक्षां अधिक भरंवशाचें झालें काय?' गटानें उत्तर दिलें तें दुसऱ्याच प्रश्नाचें: 'वहींत किती नोंदी उघड्या उरल्या?' ऐकणारा पहिल्या प्रश्नाचें उत्तर म्हणून तें घेणार हें सांगणारास पुरतें ठाऊक होतें. महाभारतांत अश्वत्थामा नांवाचा हत्ती मेला होता हें काय खोटें होतें? तरी धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळें वर चालत असे तो त्या एका वाक्यानें खालीं टेकला, असें व्यासांनीं सांगितलें. सत्य शब्दांत नसून ऐकणाराच्या विश्वासाशीं राखलेल्या इमानांत असतें, हा आपल्याकडील पुराणा निर्णय आहे. आणि आंकडा हाहि एक शब्दच आहे.

हें उत्तर देणें सोपें होतें. परंतु तें देतांना आमची जीभ अडखळली. कारण हेंच पाप आम्हीं स्वतः केलें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या विभागाचा निकाल शेंकडा नव्वदांवर गेला पाहिजे असें ठरलें. ठरविणारांत आम्हीहि होतों. मग वर्षाच्या उत्तरार्धांत आम्हीं मागील दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढल्या, फिरून फिरून येणारे प्रश्न वेगळे केले आणि त्यांचीं उत्तरें वर्गांत लिहून दिलीं. निकाल एक्याण्णवांवर गेला व आमचा सत्कारहि झाला. त्याच वर्षीं एका विद्यार्थिनीनें नाटकांतील एका पात्राच्या वागणुकीविषयीं फार मार्मिक शंका विचारली होती, तेव्हां 'हें परीक्षेला येत नाहीं' असे शब्द आमच्या तोंडून गेले. त्या मुलीनें पुढें वर्षभर एकहि शंका विचारली नाहीं. तिचें मौन कोणत्याहि टक्केवारींत बसलें नाहीं.

ही गोष्ट आजकालची नव्हे. इंग्लंडांत 1862 सालीं रॉबर्ट लो यांनीं प्राथमिक शाळांच्या सरकारी मदतीसाठीं 'फळ पाहून पैसा' असा नियम घातला. मुलांची हजेरी, आणि वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांत निरीक्षकापुढें होणारी वार्षिक परीक्षा, यांवर शाळेचें अनुदान ठरूं लागलें. कवि व टीकाकार मॅथ्यू आर्नोल्ड हे त्या वेळीं शाळांचे निरीक्षक होते. या पद्धतीनें शिकविणें यांत्रिक होतें अशी तक्रार ते वर्षानुवर्षें आपल्या अहवालांत करीत राहिले. नेमलेलें पुस्तक मुलें तोंडपाठ म्हणत. वाचतां येतें असा आंकडा तयार होई. परंतु नवें पुस्तक हातीं दिलें तर तें वाचवेलच याची शाश्वति नसे. ही पद्धति मोडावयास शतकाचें शेवटचें दशक उजाडावें लागलें.

सॉफ्टवेअरच्या व्यवसायांत मापाचा मोह अधिकच प्रबळ असावा हें स्वाभाविक आहे. भिंत किती उंच झाली तें डोळ्यांना दिसतें. आज्ञावली किती चांगली झाली तें दिसत नाहीं. म्हणून आरंभींच्या काळांत लिहिलेल्या ओळी मोजण्याची चाल पडली. 1982 सालीं अमेरिकेंत ॲपल कंपनींत प्रत्येकानें दर आठवड्यास किती ओळी लिहिल्या तें एका तक्त्यांत भरून द्यावें असा हुकूम निघाला. बिल ॲटकिन्सन या कुशल कारागिरानें त्या आठवड्यांत आपल्या आज्ञावलीचा एक भाग नव्यानें लिहून तो जवळजवळ सहापट वेगवान केला होता व त्यांतून सुमारें 2000 ओळी कमी झाल्या होत्या. त्यानें तक्त्यांत 'उणे 2000' असा आंकडा भरला. कांहीं आठवड्यांनीं त्याच्याकडे तक्ता मागणें बंद झालें. चांगलें लिहिणें म्हणजे पुष्कळदां खोडणें, हें लेखकमंडळींस सांगावयास नको.

त्याच 1982 सालीं टॉम डिमार्को या तज्ज्ञानें सॉफ्टवेअरच्या कामावरील आपल्या ग्रंथांत असा सिद्धांत मांडला कीं, जें मोजतां येत नाहीं त्यावर ताबा ठेवतां येत नाहीं. एका पिढीनें तो प्रमाण मानला. पुढें 2009 सालीं याच गृहस्थानें एका लेखांत स्वतःच्या या मताविषयीं शंका प्रकट केली. त्याचा युक्तिवाद मार्मिक आहे. दहा लाखांचा खर्च करून अकरा लाखांचें फळ देणारें काम, आणि तेवढ्याच खर्चांत पांच कोटींचें फळ देणारें काम, अशीं दोन कामें घेतलीं तर काटेकोर देखरेख पहिल्यालाच लागते. दुसऱ्यांत थोडें इकडेतिकडे झालें तरी बिघडत नाहीं. म्हणजे ज्या कामावर फार ताबा ठेवावा लागतो तें मुळांत करण्याजोगें आहे कीं नाहीं, हाच आधीं विचारण्याचा प्रश्न. सत्तावीस वर्षांनीं आपलें प्रसिद्ध वाक्य स्वतःच तपासून पाहणें हें आम्हांस त्या वाक्यापेक्षांहि मोलाचें वाटतें.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग मापच नको. आम्हांस तें मान्य नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानेंच सांगितलें कीं, उद्दिष्टांची पद्धति येण्यापूर्वीं त्यांच्याकडे साहेबांच्या टेबलाभोंवतीं जो अधिक वावरे त्याची बढती होई, आणि रात्रीं जागून दुसऱ्यांचे दोष निस्तरणारी एक अबोल मुलगी वर्षानुवर्षें कोणाच्या दृष्टीसहि पडत नसे. आंकडे आले तेव्हां ती प्रथम दिसली. माप मोडून टाकलें तर तिच्या जागीं न्याय येत नाहीं, मर्जी येते. आणि मर्जीपुढें दुर्बळाला दाद मागतां येत नाहीं. पायली नसेल तर गरिबाला मुठीनेंच घ्यावें लागेल, आणि मूठ विकणाराची असते.

तेव्हां माप असावें. परंतु तें कोणाच्या हातीं आणि कशासाठीं, हा खरा नैतिक प्रश्न आहे. उद्दिष्टें ठरवून कारभार करण्याची कल्पना पीटर ड्रकर यांनीं 1954 सालीं आपल्या ग्रंथांत मांडली, तेव्हां त्यांनीं तिला 'आत्मसंयमन' हा शब्द जोडला होता. ज्यानें काम करावयाचें त्यानेंच आपलें माप पाहून आपली चाल सुधारावी असा त्यांचा आशय होता. इंटेल कंपनीचे अँड्रू ग्रोव्ह यांनीं त्याच विचारांतून 1970 नंतरच्या दशकांत आपली पद्धति बसविली, आणि जॉन डोअर यांनीं 1999 सालीं ती गूगल कंपनीस शिकविली. आज 'ओकेआर' या अद्याक्षरांनीं जिचा बोलबाला आहे ती हीच. ग्रोव्ह यांच्या 1983 सालच्या ग्रंथांत दोन सूचना आहेत, त्यांकडे मात्र पुष्कळांचें दुर्लक्ष होतें. एक ही कीं, कोणतेंहि माप एकटें ठेवूं नये; त्याच्या जोडीला त्याची उलट बाजू दाखविणारें दुसरें माप असावें. किती तक्रारी मिटल्या याच्या शेजारीं, मिटलेल्यांपैकीं किती परत आल्या हेंहि लिहावें. अलीकडे या व्यवसायांत मान्यता पावलेल्या चार मापांत हीच जोडी दिसते: बदल किती वेळां व किती लवकर ग्राहकापर्यंत पोंचतात हीं दोन वेगाचीं, त्यांतील किती बदल बिघडतात व बिघाड किती लवकर दुरुस्त होतो हीं दोन भरंवशाचीं. दुसरी सूचना ही कीं, उद्दिष्टांचा आंकडा म्हणजे माणसाच्या लायकीचा दाखला समजूं नये. विचारांत घ्यावयाच्या अनेक गोष्टींपैकीं ती एक आहे.

या दुसऱ्या सूचनेंत आमच्या मतें सारें मर्म आहे. चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें 1975 सालीं चलनाच्या धोरणाविषयीं लिहितांना असें दाखविलें कीं, ज्या मापावर ताबा ठेवण्याचा भार घालावा तें माप भरंवशाचें राहत नाहीं. त्याचें कारण गूढ नाहीं. आंकडा जोंवर प्रश्न विचारतो तोंवर माणूस त्याला खरें सांगतो. तो पगार ठरवूं लागला कीं माणूस त्याच्यापुढें आरोपीसारखा उभा राहतो, आणि आरोपीकडून आपण सत्याची अपेक्षा कितीशी करतों? म्हणून अशा असत्याचा भार एकट्या गटावर टाकणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. पहिला वांटा ज्यानें एकटें माप दिलें व त्याला बक्षीस बांधलें त्याचा. दुसरा, ज्यानें आंकडा पाहून टाळ्या वाजविल्या आणि तो कसा आला हें विचारलें नाहीं त्याचा. तथापि तिसरा वांटा शेरा मारणाराचा आहेच. तो लहान असेल, पण पहिल्या दोन वांट्यांच्या आड तो लपवितां येत नाहीं.

हें सर्व आम्हीं त्या रविवारीं आमच्या विद्यार्थ्याला सांगितलें, आणि आमच्या निकालाची गोष्टहि सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला व उठून गेला. पुढें महिन्याभरानें त्याचा फोन आला. बंद केलेल्या तक्रारी त्यानें पुन्हां उघडल्या होत्या, आंकडा एकदम चढला होता आणि त्याचें कारण त्यानें स्वतः वरिष्ठांपुढें मांडलें होतें. वरिष्ठ नाराज झाले. पुढील बक्षीस बहुधा मिळणार नाहीं. गटानें मात्र आपलें नवें उद्दिष्ट आपणच ठरविलें आहे, आणि त्यांत परत आलेल्या तक्रारींचा रकानाहि आहे.

शेवटीं त्यानें सांगितलें कीं, त्या दुकानदाराला आपण फोन करून क्षमा मागितली. दुकानदाराला राग असा आलाच नव्हता. तो इतकेंच म्हणाला, "अहो, यादी तुमची खरी असेल कीं खोटी असेल. बाटली माझ्या हातून जाते, म्हणून मी ती उजेडांत धरून वाचतों."