अर्धं तर टाकलंच आहे

रमीत पत्ते वाईट आले की आपला माणूस पहिल्याच फेरीत ड्रॉप घेतो आणि २० गुण निमूट लिहून देतो. ८० बसण्यापेक्षा २० बरे, हे त्याला गणपतीतल्या जागरणांनी शिकवलेलं असतं. तोच माणूस ओमानातल्या दुक्मच्या कॅम्पात सुट्टीच्या सकाळी पोकरला बसतो, स्मॉल ब्लाइंडवर येतो, हातात बेरंगी नव्वी-चौकी, आणि म्हणतो, "अर्धं तर टाकलंच आहे, अर्धं अजून." कॉल! (ओमानात पैसे लावून खेळणं गुन्हा आहे. इथे काडेपेटीतल्या काड्या लावतात, त्यामुळे हात आणखीच सैल.)

तीन पत्तीत बूट सगळेच टाकतात, म्हणून त्याचा मोह कुणा एकाला पडत नाही. पोकरमध्ये पत्ते पाहण्याआधी दोघांनाच भरावं लागतं. डीलरच्या डावीकडचा छोटा ब्लाइंड, त्याच्या पलीकडचा मोठा, बहुधा दुप्पट. बाकी सगळ्यांनी पत्ते टाकले, तर छोट्याला अर्धी काडी घालून दीड काडीवर हक्क सांगता येतो. म्हणजे चारांत एकदा जिंकलं तरी भागतं, आणि नव्वी-चौकी कुठल्याही अनोळखी हातापुढे त्याहून जास्त वेळा जिंकते. हिशेब बिनचूक आहे, फक्त टेबलावरचे पाचही पत्ते फुकट उघडणार असतील तर. ते तसे उघडत नाहीत. मोठ्या ब्लाइंडला लगेच वाढवायची मुभा असते, आणि फ्लॉपनंतर, म्हणजे त्यातले पहिले तीन उघडल्यावर, प्रत्येक फेरीत आधी बोलायचं छोट्यानं, समोरच्याच्या मनात काय आहे हे न कळता.

"दोन वर्षं काढलीच आहेत, अजून एक काढू," असं मेसच्या रांगेतही ऐकू येतं. दिवसाला २,३०,००० बॅरल क्षमतेची रिफायनरी, बंदर, ड्रायडॉक; मासेमारीच्या या जुन्या गावात आता कामाला तोटा नाही. पुढचं वर्ष स्वतःच्या बळावर परवडत असेल, तर खुशाल राहावं. काढलेली दोन वर्षं मात्र त्या हिशेबात धरायची नसतात.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दोघांतला लिमिट होल्डेम हा पोकरचा प्रकार जवळजवळ पूर्ण सोडवला. दोघांच्या खेळात छोटा ब्लाइंड हाच डीलर असतो, फ्लॉपनंतर तोच शेवटी बोलतो. एवढी सोय असूनही त्यांचा सेफियस हा प्रोग्रॅम तिथून नुसता कॉल जवळपास करतच नाही. वाढवतो, नाहीतर पत्ते टाकतो.

नो-लिमिटमध्ये समोर एकटा मोठा ब्लाइंड उरला, तर आजचे सॉल्व्हर छोट्यावरून बऱ्याचदा कॉल करतात, हेही खरं. पण त्यांच्या कॉलमागे कधी एक्क्यांची जोडीही दडलेली असते. कॅम्पातल्या कॉलमागे नव्वी-चौकीच असते, आणि हे एव्हाना सगळ्या टेबलाला पाठ झालं आहे.