बळाने लिहून घेतलेले कर्ज

सावकाराने दारात लाठीवाले उभे करून कुणब्याचा अंगठा खतावर उमटवून घेतला, तर ते खत खरे मानावे काय? गावचा कोणीही याचे उत्तर तत्काळ देईल. परंतु हाच व्यवहार दोन राष्ट्रांत घडला म्हणजे शहाणी माणसेही अडखळतात.

कॅरिबियन समुद्रातील हैती देशाच्या गुलामांनी सन १८०४ मध्ये फ्रेंचांचे जू झुगारले. सन १८२५ मध्ये राजा दहावा चार्ल्स याचे आरमार तेथे येऊन उभे राहिले. निरोप असा की, मळेवाल्यांच्या नुकसानीदाखल १५ कोटी फ्रँक द्या, म्हणजे तुमचे स्वातंत्र्य मान्य करू. ज्यांना जनावरांप्रमाणे विकले, त्यांनीच आपल्या सुटकेची किंमत धन्यास भरावयाची! पहिल्या हप्त्यासाठी पॅरिसच्याच पेढ्यांचे कर्ज काढावे लागले, आणि त्यातूनही पेढीवाल्यांनी आपली दलाली आधीच कापून घेतली. सन १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली खरी; परंतु या प्रकरणातून निघालेली कर्जे फिटता फिटता सन १९४७ उजाडले.

हा भार वाहिला कोणी? कॉफीवरील जकातीच्या रूपाने शेतकऱ्याने. राष्ट्राध्यक्ष बॉयर यांनी सन १८२६ मध्ये कायदा करून त्याला मळ्याशी जखडलेही. तोफा परक्यांच्या होत्या, हा कायदा मात्र घरचाच होता. ही गोष्ट हैतीचे कैवारी सहसा बोलत नाहीत.

पुढे सन १९१५ मध्ये राष्ट्राध्यक्षाचा खून झाला, तेव्हा अमेरिकी फौज उतरली ती १९३४ पर्यंत राहिली. त्यानंतर सन १९५७ ते १९८६ दुव्हालिये पितापुत्रांची जुलमी सत्ता; आणि सन २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोईझ यांचा खून.

कोणी म्हणेल, ज्यांना राज्य सांभाळता येत नाही त्यांना पैसा परत कशास द्यावा? ऋणकोचा मुलगा दारूबाज निघाला, एवढ्याने बापाचे बळाने घेतलेले खत न्याय्य ठरत नाही. परंतु रक्कम द्यावी कोणाच्या हाती, हा प्रश्न खरोखर बिकट आहे. कारण मोईझ यांच्या खुनानंतर राजधानीचा मोठा भाग सशस्त्र टोळ्यांनी बळकावला. आमच्या मते ही अडचण देण्याच्या रीतीची आहे, देण्याच्या कर्तव्याची नव्हे.

सन २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद यांनी सुमारे २१७० कोटी डॉलर परत मागितले. पुढच्याच वर्षी त्यांना देश सोडावा लागला. सन २०२५ मध्ये, त्या फर्मानास २०० वर्षे झाली त्या दिवशी, फ्रान्सने इतिहासकारांची संयुक्त समिती जाहीर केली. पैसे परत देण्याचे वचन त्यात नव्हते.