डोकं घरी ठेवून दिलेला निकाल

‘डेड मेन डोन्ट वेअर प्लेड’ कोणाला आवडला नाही, याचा मला राग नाही. रविवारी खेळ सुटल्यावर जिन्यात आणि मग चहाच्या टपरीवर जी मतं ऐकू आली, त्यातली बरीचशी सिनेमा न बघताच दिलेली होती, याचा आहे. खुर्चीत सगळेच बसले होते. पण पुढच्या रांगेत फोन पहिल्यापासून शेवटपर्यंत उजळत होते. काळ्यापांढऱ्या सिनेमात अंधार हा चित्राचाच भाग असतो. त्या अंधारात निळा उजेड पेटला की पडद्यावरची सावली फिकी पडते, आणि ती मागच्या सगळ्यांची फिकी पडते. हे मी या जागेत पूर्वी लिहिलं आहे, पुन्हा लिहीन.

त्याच रांगेतल्या एका गृहस्थांनी बाहेर आल्या आल्या निकाल दिला, “टाइमपास आहे. काही लॉजिक नाही. अडीच स्टार.” कोणीतरी हटकलं, तर म्हणाले, “अहो, हलकाफुलका सिनेमा आहे. असले सिनेमे डोकं घरी ठेवूनच बघायचे असतात.”

सिनेमा जुना होता, संदर्भ ठाऊक नव्हते, दिवसभराचा शीण होता, ही कारणं मी सोडून देतो. शिणलेल्या माणसाने खुशाल डुलकी काढावी, फक्त घोरू नये. पण हे डोकं घरी ठेवण्याचं प्रकरण सोडून देण्यासारखं नाही. डोकं घरी होतं, तर लॉजिक नाही हे कळलं कोणाला? अडीच आकडा काढला कोणी? बघताना डोकं नको आणि बोलताना मात्र त्याच डोक्याचा मान हवा, हा कुठला न्याय? ज्याने डोकं बाजूला ठेवलं त्याने निकालही बाजूला ठेवावा. “मी नीट बघितला नाही” एवढं चार शब्दांत सांगता येतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. ते कोणी म्हणत नाही, कारण मग टपरीवरचा भाव जातो.

हीच मंडळी एखाद्या गंभीर, संथ परदेशी सिनेमाला जातात तेव्हा आधी माहिती वाचून येतात, खोकलासुद्धा दाबून बसतात. नाही कळला, तर दोष स्वतःकडे घेतात. “पुन्हा बघायला हवा,” म्हणतात. हसवणाऱ्याच्या वाट्याला ही सभ्यता येत नाही. तो हसवतोय म्हणजे त्याने काही केलंच नसणार, असं धरून चालायचं. आपल्याकडे रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांची हजारावर पुस्तकं लोकांनी रात्री जागून वाचली, आणि त्याच वाचकांनी सकाळी त्यांना साहित्याच्या ओसरीवरही बसू दिलं नाही. ही जुनी खोड आहे.

काय केलंय ते तरी बघा. कार्ल रायनरने १९८२ साली हा सिनेमा केला, तो चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या फिल्म न्वार, म्हणजे अंधाऱ्या गुन्हेपटांचे खरे तुकडे घेऊन. रिग्बी रिअर्डन हा स्टीव्ह मार्टिनचा डिटेक्टिव्ह एका शास्त्रज्ञाच्या मृत्यूचा माग काढत फिरतो आणि वाटेत त्याला हंफ्री बोगार्ट भेटतो, कॅरी ग्रँट भेटतो, इन्ग्रिड बर्गमन भेटते. जेम्स कॅग्नीशी बोलायला तो त्याची आई बनून जातो, आणि ‘डबल इन्डेम्निटी’मधल्या फ्रेड मॅकमरेला गाठायला सोनेरी केसांचा टोप चढवतो. एका जिनेवासी समीक्षकाने याला “ठिगळं लावलीत” म्हटलं. ठिगळ दिसतं तरी! इथे जुन्या तुकड्यात समोरच्या माणसाचा जेवढा खांदा दिसतो, तेवढाच खांदा, तसाच कोट, तशीच खोली नव्याने उभी केली आहे. जुना दिवा ज्या बाजूने होता, त्याच बाजूने मायकेल चॅपमनने दिवा लावला. हा तोच कॅमेरामन, ज्याने ‘टॅक्सी ड्रायव्हर’ आणि ‘रेजिंग बुल’ चित्रित केले. त्या दोन सिनेमांबद्दल बोलताना यांच्यापैकी कोणी डोकं घरी ठेवल्याचं मी ऐकलं नाही.

त्या टायचंच घ्या. बोगार्टचे तुकडे वेगवेगळ्या सिनेमांतून घेतलेले, काहींत गळ्यात टाय, काहींत नाही. मग लिहिणाऱ्यांनी विनोद रचला, की बोगार्टच्या मार्लोने टाय लावावा म्हणून रिग्बी त्याच्या मागे लागलेला आहे. उसन्या चित्रात जे बदलता येत नव्हतं, त्यालाच त्यांनी गोष्टीत घेतलं. अशा जागी मला मनापासून हसू येतं आणि त्या माणसांबद्दल आदरही वाटतो. रविवारी एकाने चहा पिता पिता विचारलं, “ते टायचं सारखं काय चाललं होतं?” तेव्हा फोनवर काय चाललं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

श्रेयनामावली सुरू होताच उठणाऱ्यांबद्दल मी किती वेळा लिहू? दिवे लागायच्या आत अर्धं सभागृह दारात होतं. या सिनेमाच्या शेवटी अर्पणपत्रिका आहे. वेशभूषाकार इडिथ हेडला, आणि चाळीस-पन्नासच्या दशकांत त्या सिनेमांवर काम केलेल्या तंत्रज्ञ-कलावंतांना. इडिथ हेडने १९४४ साली ‘डबल इन्डेम्निटी’मध्ये बार्बरा स्टॅनविकचे कपडे केले होते, १९४६ साली ‘नटोरियस’मध्ये बर्गमनचे. जवळपास चार दशकांनी, आपल्याच जुन्या कामाशेजारी शोभावेत म्हणून, तिने इथल्या नायिकेचे, रेचल वॉर्डचे कपडे केले आणि सिनेमा पडद्यावर यायच्या आधी, १९८१च्या ऑक्टोबरमध्ये ती गेली. संगीतकार मिक्लोश रोझाचंही तसंच. ‘डबल इन्डेम्निटी’ला संगीत त्याचं होतं, आणि सिनेमासाठी त्याने दिलेलं शेवटचं संगीत याच सिनेमाचं. हसवण्यासाठी म्हाताऱ्या माणसांनी एवढे कष्ट घेतले, आणि आपल्याला रिक्षा मिळणार नाही म्हणून दोन मिनिटं बसवत नाही.

टपरीवर एक मुलगी मात्र रागाने बोलत होती. नायिका ज्युलिएट बेशुद्ध पडते आणि रिग्बी तिच्या छातीला हात लावतो, वर काहीतरी सबब सांगतो, तो विनोद तिला घाणेरडा वाटला. जुन्या सिनेमांतल्या बायका निदान पुरुषांना पुरून उरायच्या, इथे लिहिणाऱ्यांना तेवढंही जमलं नाही, असं तिचं म्हणणं. मला हा सिनेमा फार प्रिय आहे, तरी तिचं खोडून काढता येईना. तिने प्रसंग सांगितला, त्यातली चूक दाखवली, आणि बाकीचा सिनेमा आवडल्याचंही कबूल केलं. तिच्याशी भांडण होऊ शकतं. अडीच स्टारवाल्या गृहस्थांशी कशावर भांडणार?

कोणी म्हणेल, शेवटी सिनेमाच तो, दीड तासाचाही नाही, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. असेल. मी तरी लावून घेतो. दुसऱ्याच्या कामावर शेरा मारायचा तर ते काम आधी बघावं लागतं, मग ते गंभीर असो नाहीतर हसरं, यात मला सूट देता येत नाही. लोक मात्र घेतच राहतील, हेही मला दिसतं.

आणखी एक जमात राहिली, “मला आधीच कळलं होतं” म्हणणाऱ्यांची. रविवारीही होतेच दोघं-तिघं. पुढच्या महिन्यात तिथेच ‘द बिग स्लीप’ दाखवणार आहेत. त्यातल्या शोफरला कोणी मारलं, हे दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सने मूळ कादंबरीकार रेमंड चँडलरला विचारलं, तर त्यालाही सांगता आलं नाही, असं म्हणतात. त्या मंडळींनी पहिल्या रांगेत बसावं, फोन बंद करावा आणि बाहेर आल्यावर मला नाव सांगावं.