न आढळणे आणि नसणे

एखादी वस्तू आढळली नाही, एवढ्यावरून ती नाहीच असे म्हणता येते का? कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी यासाठी ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातच धरले. अट मात्र दोघांची एकच: वस्तू असती तर ती आढळलीच असती, अशी स्थिती हवी. उजेडात जमिनीवर घागर दिसली नाही तर घागर नाही. अंधारात ती न दिसण्याला काही किंमत नाही.

मोटारीच्या एसीतली व्हॅक्यूमची गळती शोधताना ही अट पदोपदी लागते. १९९५ पासून पुण्यात बनू लागलेल्या मर्सिडीज डब्ल्यू-१२४सारख्या जुन्या गाड्यांत हवेची दिशा बदलणाऱ्या झडपा व्हॅक्यूमवर फिरतात. पेट्रोल इंजिनच्या मॅनिफोल्डमधला कमी दाब बारीक नळ्यांतून झडपेला जोडलेल्या डबीपर्यंत जातो, डबीतला रबरी पडदा सरकतो आणि झडप वळते. (पोकळी काही ओढत नाही, पलीकडची बाहेरची हवाच पडद्याला ढकलते.) नळी चिरली की स्प्रिंग झडपेला मूळ जागी नेते आणि बहुतेक रचनांत वारा चेहऱ्याऐवजी पुढच्या काचेवर जातो.

मे महिन्यात अंजनगाव सुर्जीहून परतवाड्यापर्यंत गाडी थंडगार चालते. चिखलदऱ्याच्या घाटात ॲक्सिलरेटर दाबला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो. व्हॅक्यूम साठवणारी टाकी आणि तो टिकवणारा एकमार्गी व्हॉल्व्ह धड असतील तर फरक जाणवत नाही; नसतील तर वारा काचेकडे वळतो. म्हणजे सपाटीवर दोष न दिसणे हा दोष नसल्याचा पुरावा नव्हताच. चालू इंजिनच्या घरघरीत फुसफुस ऐकू न येणे, हेही तसेच. नळीचा एकेक तुकडा सुटा करून, टोक बंद करून हातपंपाने व्हॅक्यूम भरावा; गेजचा काटा जागचा हलला नाही, तरच तेवढा तुकडा निर्दोष. त्याआधी पंप आणि गेज स्वतः गळत नाहीत ना, हे पाहावे लागते. ही पायरी बहुधा गाळली जाते आणि चांगल्या नळ्या बदलल्या जातात.

दहाव्या शतकातील नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हीच अट ईश्वराच्या प्रश्नाला लावली. ईश्वर दिसत नाही म्हणून नाही, हा चार्वाकांचा आक्षेप. उदयनांचे उत्तर असे की ईश्वर इंद्रियांना दिसण्याजोगा नाहीच, तेव्हा त्याच्या न दिसण्यावरून काहीच ठरत नाही. उत्तर बिनतोड आहे, पण त्याची पोच तेवढीच. वऱ्हाडातल्या पारावरच्या वादांत ते ईश्वराच्या सिद्धीसाठी वापरले जाते, तेव्हा ते ताणले जाते. त्याच आधाराने भुताखेतांनाही संरक्षण मिळते. न दिसणाऱ्या गळतीवर विश्वास बसतो तो झडप हलल्यामुळे, कार्यावरून. उदयनांनाही हे ठाऊक होते. म्हणून ग्रंथाच्या पाचव्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, त्यांनी जग हे कार्य आहे आणि कार्याला कर्ता हवा, अशी अनुमाने वेगळी मांडली. ईश्वराबद्दलचा खरा वाद त्या अनुमानांवर व्हायला हवा.